कापण्याआधीचा हिशेब : मशीनिंगचं नियोजन आणि पर्यावरण

पुण्याहून पौड रस्त्याने भूगाव, भुकूम मागे टाकून पिरंगुटचा घाट उतरलं की मुळशीचा औद्योगिक पट्टा सुरू होतो. पिरंगुट, कासार आंबोली, उरवडे, घोटावडे ही त्यातली गावं. इथल्या कित्येक कारखान्यांच्या पत्त्यात आजही गट नंबर लिहिलेला असतो. शेडच्या कुंपणाला लागून भातखाचरं, मागे डोंगर आणि खाली मुळा नदीचं खोरं अशी ही जागा आहे. शेडमध्ये सीएनसी लेथ आणि व्हीएमसी चालतात, आणि पिंपरी-चाकणच्या वाहन उद्योगाला लागणारे फ्लँज, बुश, शाफ्ट, हाउसिंग तयार होतात.

अशा शेडमध्ये पर्यावरणाचा विषय निघाला की बोलणं प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, आवारातली झाडं आणि छपरावरचं सोलर यांवर येतं. तिन्ही हवीतच. पण एका नगामागे किती पोलाद, किती वीज, किती तेल खर्ची पडणार, याचा बराचसा निर्णय त्याआधीच झालेला असतो. प्रोसेस शीट लिहिणारा माणूस कॅबिनमध्ये बसून तो घेतो, आणि बहुतेक वेळा तो पर्यावरणाविषयीचा निर्णय आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

प्रोसेस शीटवर काय ठरतं

ड्रॉइंग हातात आल्यावर प्लॅनर पुढच्या गोष्टी ठरवतो : कच्चा माल बार घ्यायचा, फोर्जिंग की कास्टिंग, किती सेटअप, कोणत्या मशीनवर काय, टूल, स्पीड, फीड, कटची खोली, कूलंट कोणतं, आणि ऑपरेशनचा क्रम. आजवर याला तीन कसोट्या लावल्या गेल्या : वेळ, खर्च आणि माप.

१९९० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या पॉल शेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौथी कसोटी मांडली. त्यांनी नियोजनाचे दोन स्तर केले. पहिला स्तर एकेका भोकाचा, खाचेचा, फेसचा. त्यात टूल, वेग आणि कूलंट यांचा पर्यावरणावरचा भार मोजायचा. दुसरा स्तर पूर्ण नगाचा. त्यात ऑपरेशन एकत्र करणं, क्रम लावणं आणि सेटअप कमी करणं येतं. ही मांडणी मला आजही उपयोगी वाटते. आपल्याकडे पर्यावरणाच्या नावाने जे काही होतं ते पहिल्या स्तरावर, म्हणजे 'चांगलं कूलंट घ्या' एवढ्यावर थांबतं. मोठी बचत दुसऱ्या स्तरावर, आणि त्याच्याही आधी, कच्चा माल निवडताना असते.

सगळ्यात मोठा आकडा चिप्सचा

एक काल्पनिक जॉब घेऊ. १०० मिलिमीटर व्यासाच्या बारमधून ५० मिलिमीटर लांबीचा तुकडा कापला. त्याचं वजन साधारण ३.१ किलो भरतं. तयार फ्लँज १.२ किलोचा. म्हणजे १.९ किलो पोलाद चिप्स होऊन कन्व्हेयरवर गेलं.

पोलाद कापायला घन मिलिमीटरमागे २ ते ५ ज्यूल ऊर्जा लागते. मधला ३ चा आकडा धरला तर १.९ किलो चिप्स काढायला प्रत्यक्ष कापण्याची वीज येते ०.२ युनिट. स्पिंडल आणि मोटरमध्ये वाया जाणारी धरून पाव युनिट म्हणू. मशीन नुसतं चालू राहायला ३ किलोवॉट घेत असेल आणि लोडिंग धरून नगाला १२ मिनिटं लागत असतील, तर आणखी ०.६ युनिट. एकूण ०.८५ युनिट. भारतात ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशेबाने मशीनिंगचा वाटा झाला ६०० ग्रॅम.

आता पोलादाकडे पाहू. भारतात एक टन पोलाद बनताना सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो. चिप्स झालेल्या १.९ किलोमागे ४.७ किलोच्या वर. मशीनच्या पूर्ण विजेच्या जवळजवळ आठपट.

चिप्स वाया जात नाहीत, भंगारात जाऊन पुन्हा वितळतात, हा युक्तिवाद खरा आहे, पण पुरता नाही. कोल्हापूरच्या फाउंड्र्या आणि जालन्याच्या पोलाद कारखान्यांतल्या इंडक्शन भट्ट्या भंगारावर चालतात, आणि खनिजापासून पोलाद बनवण्यापेक्षा त्यात ऊर्जा कितीतरी कमी लागते. तरी टनामागे साडेपाचशे ते सातशे युनिट नुसतं वितळवायलाच जातात. पातळ, तेलकट चिप्स भट्टीत जळून घट येते ती वेगळी. म्हणजे आधी बार बनवायचा, मग त्याचा निम्म्याहून जास्त भाग कीस करून परत भट्टीत पाठवायचा, असा हा प्रवास आहे.

हाच फ्लँज १.८ किलोच्या फोर्जिंगमधून केला तर चिप्स ६०० ग्रॅमच निघतात आणि १.३ किलो पोलाद वाचतं. फोर्जिंगचा फ्लॅश आणि तुकडा तापवायची वीज वजा केली तरी नगामागे सुमारे दोन किलो कार्बन डायऑक्साइड कमी होतो. पाच हजार नगांच्या ऑर्डरला दहा टन. शिवाय मशीनचा वेळही उतरतो.

ऑर्डर पन्नास नगांची असेल तर फोर्जिंगची डाय परवडत नाही, आणि पर्यावरणाच्या हिशेबानेही ती योग्य ठरत नाही, कारण डाय बनवतानाही महागडं टूल स्टील कापावं लागतं. तिथे जाड भिंतीची सीमलेस ट्यूब, पोकळ बार किंवा प्लेटमधून कापलेली रिंग बघावी. बार ९५ मिलिमीटरचा चालतो का, पार्टिंगसाठी ४ ऐवजी ३ मिलिमीटरचं टूल टिकेल का, बारचा शेवटचा तुकडा छोट्या बुशला वापरता येईल का, हे प्रश्न किरकोळ वाटतात. वर्षाच्या टनांमध्ये मोजल्यावर ते किरकोळ राहत नाहीत.

अ‍ॅल्युमिनियमला हे दुप्पट लागू आहे. खनिजापासून एक किलो अ‍ॅल्युमिनियम काढायला विद्युत अपघटनातच १४-१५ युनिट वीज जाते, आणि भंगारातून पुन्हा वितळवायला त्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जा पुरते. ही प्रचंड बचत चिप्स स्वच्छ आणि वेगळ्या ठेवल्या तरच हाती येते. एकाच व्हीएमसीवर सकाळी अ‍ॅल्युमिनियम आणि दुपारी पोलाद लावलं, की ट्रॉलीतला माल मिसळतो आणि त्याची प्रत उतरते. म्हणून आठवड्याचं शेड्युल बनवताना एका धातूचे जॉब सलग लावणं हाही पर्यावरणाचाच निर्णय आहे. पोलादाचे ईएन ८ आणि निकेल असलेलं ईएन २४ हे प्रकार वेगळे ठेवणंही तसंच.

मशीन कापत नसतानाची वीज

एमआयटीचे टिमोथी गुटोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाहन उद्योगातल्या एका मशीनिंग लाइनचा अभ्यास केला. तिथे पूर्ण उत्पादन चालू असतानाही एकूण विजेतला जेमतेम १५ टक्के भाग प्रत्यक्ष धातू कापण्यात जात होता. उरलेली वीज कूलंटचे पंप, हायड्रॉलिक्स, पंखे, कंट्रोल यांना लागत होती. नग कापला जात असो वा नसो, हा खर्च चालूच राहतो.

म्हणून नगामागची वीज कमी करायची तर मशीन चालू असण्याचा वेळ कमी करायला हवा. दोन सेटअपचं काम एका चकिंगमध्ये बसवलं, किंवा एका फिक्स्चरमध्ये एकाऐवजी चार नग धरले, की हे होतं. नग बदलताना कूलंट पंप बंद राहील आणि चिप कन्व्हेयर सतत न फिरता अधूनमधून फिरेल, हे प्रोग्रामच्या एम-कोडमध्ये लिहिता येतं. छोट्या जॉबला मोठं मशीन लावणं टाळावं. दोन मीटर टेबलच्या व्हीएमसीवर तळहाताएवढं ब्रॅकेट मारलं तर ते मोठं मशीन चालतं ठेवण्याचा पूर्ण भार त्या ब्रॅकेटवर पडतो. मशीन टूलची पर्यावरणीय तपासणी कशी करावी याचं आयएसओ १४९५५ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१४ पासून आहे. नवीन मशीन घेताना पुरवठादाराला नुसतं चालू अवस्थेत ते किती वीज घेतं हे विचारलंच पाहिजे.

दाबाच्या हवेकडे तर कुणी पाहतच नाही. एअर गनने चिप्स उडवणं फुकट वाटतं, पण कॉम्प्रेसरमध्ये गेलेल्या विजेचा फार थोडा भाग हवेच्या टोकाला उपयोगी काम करतो. सात बार दाबाच्या लाइनला ३ मिलिमीटरची गळती असेल तर सुमारे तीन किलोवॉट त्या एका भोकातून जातात. जेवणाच्या सुट्टीत मशीन थांबल्यावर शेडमध्ये उभं राहून कान दिला तर गळती सापडते.

मुळशी तालुक्याला विजेची किंमत नवी नाही. टाटांच्या धरणासाठी इथली गावं आणि भातजमीन पाण्याखाली जाणार होती, म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह उभा राहिला. धरण झालंच. त्याचं पाणी आजही सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरतं आणि त्यावर वीज तयार होते. कासार आंबोलीच्या शेडमध्ये येणारी वीज ग्रिडमधून येते आणि त्यात कोळशाचा वाटा मोठा आहे. म्हणजे तिच्यासाठीही कुठेतरी कुणाची जमीन आणि हवा खर्ची पडते आहे.

वेग वाढवावा की टूल वाचवावं

वेग वाढवला की सायकल टाइम कमी होतो, मशीनची पायाभूत वीज वाचते. पण टूल लवकर झिजतं. फ्रेडरिक टेलर यांनी १९०७ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार, कार्बाइडसाठी नेहमीचा ०.२५ घातांक धरला तर वेग २० टक्के वाढवल्यावर टूलचं आयुष्य निम्म्यावर येतं. टंगस्टन आणि कोबाल्टपासून बनलेलं कार्बाइड वजनाला थोडं असलं तरी ते तयार करायला फार ऊर्जा लागते.

त्यामुळे वेगाऐवजी आधी कटची खोली, मग फीड वाढवावी. त्याचा टूलच्या आयुष्यावर परिणाम कमी होतो. जॉब मजबूत धरलेला असेल तर दोन्ही बाजूंनी वापरता येणारा इन्सर्ट घ्यावा : डब्ल्यूएनएमजीला सहा कडा, सीएनएमजीला चार, सीसीएमटीला फक्त दोन. झिजलेले इन्सर्ट स्वतंत्र डब्यात जमवले तर त्यांना पोलादाच्या भंगारापेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो आणि टंगस्टन परत वापरात येतं. ते चिप्सच्या ट्रॉलीत पडू देणं हे दुहेरी नुकसान आहे.

कूलंट : थोडं, पण नाल्याला जड

टेलर यांनीच १८८० च्या दशकात टूलवर पाण्याची धार सोडून कापण्याचा वेग ४० टक्क्यांपर्यंत वाढवता येतो हे दाखवलं. तेव्हापासून कूलंट कारखान्यात आलं ते कायमचं. कार्बनच्या हिशेबात त्याचा वाटा पोलादाच्या मानाने लहान आहे. पण मुळेच्या खोऱ्यात बसलेल्या शेडसाठी मला तो सगळ्यात काळजीचा वाटतो.

समजा मशीनच्या टाकीत २०० लिटर इमल्शन आहे आणि त्यात ६ टक्के तेल. म्हणजे लिटरमागे सुमारे ६०,००० मिलिग्रॅम. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात तेल-ग्रीसची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे. ही एक टाकी पाणी घालून त्या मर्यादेत आणायची म्हटलं तर १२ लाख लिटर पाणी लागेल. अशी एक टाकी रात्री शेडमागच्या ओढ्यात ओतली तर पुढे काय होतं, हे सांगायला वेगळ्या अहवालाची गरज नाही. मुळा पुण्यात मुठेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमा उजनीत. त्या पाण्यावर सोलापूर जगतं.

नियोजनात पहिला प्रश्न असा असावा : इथे कूलंट लागतंच का? बिडाच्या कास्टिंगमध्ये ग्राफाइट असतं, ते बऱ्याचदा कोरडं कापलं जातं. कोटिंग असलेल्या इन्सर्टने पोलादाचं मिलिंगही अनेक ठिकाणी कोरडं केलेलं बरं, कारण कूलंट सोडलं तर दर फेरीला गरम-थंड होऊन कडा तडकते. दुसरा पर्याय कमीत कमी वंगणाचा, म्हणजे एमक्यूएल. यात हवेबरोबर तासाला ५० मिलिलिटर किंवा त्याहून कमी तेल कडेवर सोडलं जातं, एरवी जिथे मिनिटाला कित्येक लिटर कूलंट वाहतं. अ‍ॅल्युमिनियमचं ड्रिलिंग आणि पोलादाचं मिलिंग यांत ते चांगलं चालतं. ग्राइंडिंग, टायटॅनियम आणि खोल भोकं यांत ते अडतं, कारण तिथे उष्णता आणि चिप्स बाहेर काढायला पाण्याचा मारा लागतो. शिवाय तेलाचा धूर ऑपरेटरच्या फुप्फुसात जाऊ नये म्हणून मशीन बंदिस्त असावं आणि धूर ओढून घेणारी सोय असावी. त्याशिवाय एमक्यूएल लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

उष्णतोपचारानंतर कडक झालेल्या शाफ्टला ग्राइंडिंगऐवजी सीबीएन टूलने हार्ड टर्निंग करता येतं का, हाही प्रश्न शीट लिहितानाच विचारायचा. ते बऱ्याचदा कोरडं होतं, चिप्स भंगारात विकल्या जातात, आणि ग्राइंडिंगचा तेलकट गाळ तयारच होत नाही.

जिथे कूलंट लागतंच तिथे त्याचं आयुष्य वाढवावं. रिफ्रॅक्टोमीटरने रोज तीव्रता पाहावी आणि पीएच ९ च्या आसपास राखावा. स्लाइडवेचं तेल वर तरंगतं ते बेल्ट स्किमरने काढावं, नाहीतर त्याखाली जंतू वाढतात आणि सुट्टीनंतर टाकीला घाण वास येतो. बोअरचं जड पाणी टाळावं. पाणी उडून जातं आणि तेल मागे राहतं, म्हणून भर घालताना मिश्रण पातळ ठेवावं. वर्षातून चारदा बदलणारी टाकी एकदाच बदलावी लागली तर त्या टाकीपुरता घातक कचरा पाऊण भागाने कमी होतो. खरेदीच्या वेळी सुरक्षा पत्रक मागून त्यात क्लोरिनेटेड पॅराफिन आहे का ते बघावं. त्यातल्या छोट्या साखळीच्या प्रकारांना २०१७ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत टाकलं गेलं.

वापरलेलं तेल आणि तेलकट गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतात. सर्वसाधारणपणे ९० दिवसांहून जास्त साठवता येत नाहीत, आणि अधिकृत पुनर्वापरकर्त्याकडे किंवा प्रक्रिया केंद्राकडेच द्यावे लागतात. पुणे जिल्ह्यात असं सामाईक केंद्र रांजणगावला आहे.

पावसाळा आणि भंगाराचा ढीग

दिल्लीजवळच्या कारखान्यासाठी लिहिलेली नियमावली मुळशीला जशीच्या तशी लागू पडत नाही. इथे घाटाकडून येणारा पाऊस चार महिने थांबत नाही. शेडबाहेर उघड्यावर ठेवलेल्या ओल्या चिप्सच्या ढिगातून तेल धुऊन थेट ओढ्यात जातं. टाकीतलं कूलंट कितीही जपलं तरी ते या ढिगाबरोबर बाहेर पडतच असतं, कारण चिप्सना चिकटून बरंच इमल्शन जातं.

यासाठी चिप्सची जागा छपराखाली हवी. जमीन सिमेंटची आणि आतल्या बाजूला उतार देऊन, एका खड्ड्यात निथळेल अशी. चिप्स कशा निघतात हेही शीटवर ठरतं. लांब, गुंतलेल्या वेटोळ्या जास्त कूलंट धरतात आणि जागाही अडवतात. चिपब्रेकर आणि फीड नीट निवडून त्या तुटक काढल्या तर चांगल्या निथळतात. काम मोठं असेल तर चिप्स फिरवून तेल वेगळं करणारं यंत्र किंवा ब्रिकेट प्रेस घ्यावा. कोरड्या मालाला भाव जास्त, आणि निथळलेलं कूलंट गाळून परत टाकीत.

क्रम

रिजेक्ट झालेल्या नगात पोलाद, वीज, टूल सगळं गेलेलं असतं, आणि तो जितका उशिरा रिजेक्ट होईल तितकं जास्त. म्हणून दोष दिसण्याची शक्यता जिथे जास्त, ते ऑपरेशन आधी घ्यावं. कास्टिंगमध्ये ब्लोहोल जिथे उघडतात तो फेस किंवा बोअर पहिल्या सेटअपमध्ये मारला तर पुढची सहा ऑपरेशनं वाचतात. नेहमी सोपं काम आधी आणि अवघड शेवटी लावण्याची सवय असते, ती इथे महागात पडते.

जॉबवर्क करणाऱ्याच्या हातात किती

इथे मात्र खरी अडचण आहे. छोट्या युनिटला बऱ्याचदा कच्चा माल ग्राहकच देतो, भंगारही त्याच्याकडेच परत जातं, आणि ड्रॉइंगला हात लावायची मुभा नसते. दर मिळतो तो मशीनच्या तासाचा. पोलाद वाचवून त्याला काही मिळत नाही. उलट फोर्जिंग आलं तर मशीनचे तास कमी होतात. त्याला दोष देणं चुकीचं आहे. कच्च्या मालाचा निर्णय ज्या कंपनीच्या डिझाइन आणि खरेदी विभागात होतो, जबाबदारी आधी तिथली आहे.

आता त्या विभागांवरही दबाव येतो आहे. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल बंधनकारक केला. युरोपीय संघाची सीमेवरची कार्बन आकारणी ऑक्टोबर २०२३ मध्ये माहिती देण्यापुरती सुरू झाली आणि जानेवारी २०२६ पासून पूर्ण स्वरूपात लागू झाली. तिच्या यादीत पोलाद, अ‍ॅल्युमिनियम आणि नट-बोल्टसारख्या वस्तू आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये भारत सरकारने हरित पोलादाची व्याख्या ठरवली : टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन. साहजिकच मोठ्या कंपन्या आपल्या पुरवठादारांकडे नगामागचे आकडे मागू लागल्या आहेत.

छोट्या युनिटने असे आकडे मागणारा फॉर्म येण्याची वाट पाहू नये. कोटेशन देतानाच दोन पर्याय लिहून पाठवावेत : एक दिलेल्या बारमधून, दुसरा कमी वजनाच्या कच्च्या मालातून, आणि दोन्हींच्या पुढे निव्वळ वजन, चिप्सचं वजन, नगामागचे युनिट. ०.८ आरए फिनिश या फेसला खरंच हवा का, ही टॉलरन्स सैल केली तर ग्राइंडिंग वाचेल का, हेही विचारावं. ड्रॉइंगवरची कित्येक मापं जुन्या ड्रॉइंगवरून उचललेली असतात, आणि कुणी विचारलं तर बदलतातही.

सुरुवातीला लागणारी साधनं फार नाहीत. एका मशीनला एनर्जी मीटर, एक वजनकाटा आणि प्रोसेस शीटवर चार नवे रकाने : कच्च्या मालाचं वजन, तयार नगाचं वजन, नगामागचे युनिट, आणि वर्षाला टाकीत भर घातलेलं तेल. यातला पहिला आणि दुसरा रकाना आजच भरता येतो. वजनकाटा प्रत्येक स्टोअरमध्ये असतोच.